फाउंडेशन फाटतं, काळं पडतं, ओघळतं: नवी बाटली घेण्याआधी हे तपासा

ठाण्यात नौपाड्याला माझं पार्लर आहे. नवरीमुलींचा मेकअप करते आणि ऑफिसला जाणाऱ्या मुलींना रोजचा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, लावायलाही शिकवते. एक तक्रार मात्र बारा महिने येते: "ताई, मला फाउंडेशन सूटच होत नाही. कुठलं घेऊ?" विचारलं तर घरी आधीच दोन-तीन बाटल्या अर्धवट पडलेल्या असतात. बाटली बदलून हा बिघाड क्वचितच जातो, म्हणून कुठलं घ्यायचं हे मी सगळ्यात शेवटी सांगते. आधी विचारते, बेस नेमका बिघडतो कधी?

लक्षणं बघा, पण घड्याळ लावून

लावता लावताच बिघडत असेल, बोटाखाली खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण सुटत असतील किंवा नाकाच्या कडेला नि हनुवटीवर पापुद्रे उठून दिसत असतील, तर दोष खालच्या थरांत किंवा कोरड्या त्वचेत आहे.

लावल्यावर ठीक, पण पंधरा-वीस मिनिटांत किंवा तासाभरात रंग बदलतो, चेहरा राखाडी दिसतो किंवा नारिंगी-काळपट होतो, तर शेड तपासायची.

दोन-तीन तासांनी नाकावरून बेस उतरतो, नाकपुडीच्या घडीत साचतो, कपाळ चमकतं. तेल, घाम किंवा जास्त प्रमाण, या तिघांपैकी एक कारण. दुपारपर्यंत डोळ्यांखाली आणि ओठांच्या बाजूच्या रेषांत भेगा पडतात, ही तक्रार बहुतेक एसीत बसणाऱ्यांची असते.

आरशात सगळं छान, पण फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा नि मान सावळी आली, तर बेस फारसा चुकलेला नसतो. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि सिलिकाची बारीक पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकतात. घरीच अंधारात फ्लॅश लावून एक सेल्फी काढा, कळतं. पावडर कमी केली की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आणि दुसऱ्या दिवशी किंवा आठवडाभराने बारीक पुरळ, खाज, आग सुरू होत असेल, तर मधलं काही वाचू नका. सरळ शेवटच्या भागात जा.

फुकटच्या तपासण्या

उजेड. घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली सावळी त्वचा राखाडी दिसते आणि पिवळ्या बल्बाखाली चुकीची शेडही जुळल्यासारखी वाटते. बेस लावून गॅलरीत किंवा खिडकीशी जा, हातात छोटा आरसा घ्या आणि जबडा नि मान एकत्र बघा. दिवसाच्या उजेडात दोष दिसला नाही तर तो दोष नाहीच.

प्रमाण. रोजच्या वापराला पूर्ण चेहऱ्याला एक पंप पुष्कळ झाला. बहुतेकजणी कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी अशा पाच ठिकाणी मोठे ठिपके देतात आणि मग सगळं पसरवत बसतात. थर जितका जाड तितका तो चेहरा हलला की फाटतो, आणि आपला चेहरा बोलताना सतत हलतो. नाकाच्या बाजूने, गालाच्या आतल्या भागापासून सुरुवात करा आणि बाहेर जाताना पातळ करत न्या. जबड्याशी पोचेपर्यंत हातात जवळजवळ काही उरलेलं नसावं. एखादा डाग झाकायचा असेल तर तेवढ्यावरच दुसरा थर, बोटाने दाबून. सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर देऊ नका.

दोन थरांमधला वेळ. लावता लावता कण सुटण्याचं कारण निम्म्याहून अधिक वेळा हेच निघतं. सकाळी आठची गाडी पकडायची म्हणून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर), फाउंडेशन हे सगळं पाच मिनिटांत एकावर एक चढतं. सनस्क्रीन त्वचेवर एक पापुद्रा धरतं आणि तो वाळायला वेळ लागतो. तो ओला असताना वरून घासलं की तो सुटतो आणि फाउंडेशन घेऊनच सुटतो. मॉइश्चरायझरनंतर पाच मिनिटं आणि सनस्क्रीननंतर दहा-पंधरा मिनिटं द्या. तेवढ्यात साडीच्या निऱ्या होतात, डबा भरून होतो. मग फाउंडेशन घासू नका, टिपत लावा.

कण सुटतात म्हणून सनस्क्रीनच कमी करणं हा उपाय नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांभर सनस्क्रीन लागतंच. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका, कारण तो आकडा मोजताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देतात. तेवढं फाउंडेशन चेहऱ्यावर कुणीच थापत नाही.

शॅम्पूच्या पुडीत होणारी तपासणी

स्पंज आणि ब्रश. पार्लरमध्ये मी आधी बाटली बघत नाही, पर्समधला स्पंज मागते. आतपर्यंत कडक झालेला, तपकिरी, कडा फुटलेला स्पंज असेल तर पॅचेसचं कारण हातात आलं. जुन्या फाउंडेशनचे वाळलेले कण नव्या बेसवर चिकटतात. शिवाय ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत ओला स्पंज डबीत बंद ठेवला की त्याच्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. आठवड्याला एकदा शॅम्पूने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळा आणि पंख्याखाली उघड्यावर वाळवा. दोन-तीन महिन्यांनी नवा घ्या. ब्रश धुतल्यावर उभा ठेवू नका, पाणी दांड्यात उतरून केस गळतात. आडवा, टोक थोडं खाली करून ठेवा.

वापरताना स्पंज ओला करून, टॉवेलात दाबून, जेमतेम ओलसर राहील असा घ्या. कोरडा स्पंज अर्धं फाउंडेशन स्वतःच पितो आणि उरलेलं पट्ट्यापट्ट्यांनी लागतं. पाणी टपकत असेल तर बेस पातळ होऊन जागोजागी उघडा पडतो.

त्वचा खरंच तेलकट आहे का?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आपल्याकडे चूक इथेच होते. जून असो की ऑक्टोबर, ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना हवा चिकट. घाम येतो, चेहरा चमकतो आणि प्रत्येकीला वाटतं आपली त्वचा तेलकट. मग तेलकट त्वचेसाठीचं मॅट फाउंडेशन घेतलं जातं. त्यातली तेल शोषणारी द्रव्यं कोरड्या चेहऱ्यावर उरलासुरला ओलावाही टिपून घेतात.

तपासणी अशी. साध्या फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा, काहीही लावू नका. पंख्याखाली पाऊण तास बसा, स्वयंपाकघरात गॅसपाशी जाऊ नका. मग पातळ टिश्यू कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी यांवर दाबा आणि उजेडाकडे धरा. घामाचा डाग थोड्या वेळात वाळून नाहीसा होतो. तेलाचा डाग पारदर्शक राहतो, अर्ध्या तासानेही. हा फरक बघितल्याशिवाय मी कुणाला फाउंडेशनचं नाव सांगत नाही.

ऐरोलीला आयटीत काम करणारी एक मुलगी आली होती. ठाणे स्टेशनच्या पुलावर घाम, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत रुमालाने पुसापुशी, मग दिवसभर एसीच्या झोताखाली. जेवायच्या सुट्टीपर्यंत गालांवर भेगा. तिने मॅट फाउंडेशन, वर मॅट प्रायमर आणि पर्समध्ये कॉम्पॅक्ट, असा सगळा तेलकट त्वचेचा सरंजाम घेतला होता. टिश्यू उजेडात धरला तर नाकाच्या शेंड्याचा एक पुसट ठिपका सोडून कुठेच तेल नाही. गाल धुतल्यावर ओढल्यासारखे वाटतात का विचारलं, तर म्हणाली, "हो, पण ते साबणाने सगळ्यांचंच होतं ना?" सगळ्यांचं होत नाही. तिची त्वचा कोरडी होती. प्रायमर बंद केला, जाड मॉइश्चरायझर दिलं, तेच फाउंडेशन अर्ध्या प्रमाणात ओल्या स्पंजने लावायला सांगितलं आणि पावडर फक्त नाकाला. बाटली तिचीच राहिली.

टिश्यूवर काय दिसलं त्याप्रमाणे पुढचं ठरवा.

सगळीकडे पारदर्शक डाग आले तर त्वचा तेलकट. मॉइश्चरायझर जेलचं, हलकं, पण सोडायचं नाही. फाउंडेशन पातळ, मॅट किंवा नॅचरल फिनिशचं. कपाळ आणि नाकावर बेसच्या आधी चिमूटभर पावडर दाबून बघा. वरचा थर जागेवर राहायला त्याने मदत होते.

फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर डाग आले तर त्वचा मिश्र. आपल्याकडे या बऱ्याच. एकाच चेहऱ्याला दोन वागणुका द्या: गालांना जास्त मॉइश्चरायझर, मधल्या पट्ट्याला कमी. पावडर मधल्या पट्ट्यालाच.

डाग नाहीत आणि त्वचा ओढते, तर कोरडी. क्रीमी किंवा ड्यूई, म्हणजे ओलसर चमक देणारं, फाउंडेशन घ्या. मॉइश्चरायझर त्वचा किंचित ओली असतानाच लावा आणि पावडर जवळजवळ नको. पापुद्रे असतील तर स्क्रबने घासू नका. त्याने कडा आणखी उठतात आणि बेस नेमका तिथेच अडकतो.

चौथा प्रकार फसवा असतो. टिश्यूवर तेल आहे, तरी गालांवर बारीक रेषा आणि ओढ. त्वचा तेलकट, पण पाण्याला पारखी. दिवसातून चार वेळा फेसवॉश किंवा पुरळासाठी रोज ॲसिड नाहीतर रेटिनॉल लावणाऱ्या मुलींत हे सर्रास दिसतं. त्यांनी दोन आठवडे फेसवॉश सकाळ-संध्याकाळ इतकाच ठेवावा. फाउंडेशनचा विचार त्यानंतर. डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर ते मनाने थांबवू नका, त्यांना विचारा.

घाम हा कुठल्याही त्वचेला येतो आणि त्याच्यावर फाउंडेशनचा इलाज नाही. रुमालाने पुसू नका, टिश्यू दाबा. ओला चेहरा आधी टिपून मगच पावडर. घामावर पावडर बसली की तिचा लगदा होतो आणि तो काढायला सगळा बेस धुवावा लागतो.

एकावर एक बसतंय का?

मनगटाच्या मागच्या बाजूला तुमच्या सनस्क्रीनचा किंवा प्रायमरचा एक थेंब आणि शेजारी फाउंडेशनचा थेंब घ्या. दोन्ही बोटाने एकत्र करा. एकजीव झालं तर ठीक. दुधासारखं फाटलं, दाणे धरले किंवा फाउंडेशन बाजूला सरकलं, तर चेहऱ्यावरही तेच होणार. कारण बहुधा सिलिकोन. घटकांच्या यादीत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं वरच्या पाचांत असली की ते सिलिकोनप्रधान, आणि पाण्याच्या जेलवर ते घसरू शकतं. यादीत पाणी पहिलं आहे म्हणून फाउंडेशन पाण्याचं, असं मात्र धरू नका. सिलिकोनमध्ये पाण्याचे थेंब घोटून केलेल्या फाउंडेशनच्या यादीतही पाणी वरच असू शकतं. म्हणून यादीपेक्षा मनगटावर भरवसा ठेवा. जमत नसेल तर फाउंडेशन फेकण्याआधी प्रायमर सोडून द्या. रोजच्या वापरात तो नसला तरी चालतं.

राखाडी, नारिंगी, काळपट

फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार पावडरींतून येतो: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळा, काळा असे आयर्न ऑक्साइड. सावळ्या त्वचेवर एक-दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं की पांढऱ्याच्या आडून खालचा तपकिरी रंग राखाडी दिसतो. उजळ दिसायचं म्हणून घेतलेली शेड चेहरा आजारी दाखवते. हे मी नवरीच्या आईला, मावशीला, सगळ्यांना स्पष्ट सांगते, कारण "थोडी उजळ कर गं" हा आग्रह बहुधा त्यांचाच असतो. मुलगी आहे त्या रंगात नीट दिसली पाहिजे. फोटो पुढे वर्षानुवर्षं राहतात.

राखाडीपणा फक्त डोळ्यांखाली, ओठांभोवती किंवा वांगाच्या डागांवर असेल तर पूर्ण शेड बदलू नका. त्या जागी आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर (गडदपणा झाकणारं रंगीत क्रीम) अगदी पातळ लावा, मग फाउंडेशन. गर्द रंगावर थेट उजळ थर दिला की तो राखाडी होतोच.

नंतर गडद होणं वेगळं. काही फाउंडेशन त्यातली उडून जाणारी द्रव्यं उडाल्यावर आणि त्वचेच्या तेलात मिसळल्यावर गडद दिसतं, तेलकट त्वचेवर जास्त. आपण याला ऑक्सिडाइज झालं म्हणतो. बाटली चांगली असेल तर अर्धी शेड उजळ किंवा खाली तेल टिपणारी थोडी पावडर पुरते. फार नारिंगी जात असेल तर निळा मिक्सर मिळतो, पण टाचणीच्या टोकाएवढाच घाला.

मनगटाच्या शिरा बघून अंडरटोन (त्वचेची आतली पिवळसर किंवा गुलाबी छटा) ठरवायची पद्धत सावळ्या त्वचेवर फारशी कामाची नाही. जबड्यावर तीन शेडच्या पट्ट्या उभ्या ओढा, मानेपर्यंत. दिसेनाशी होते ती तुमची. कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग पुष्कळजणींचा गालापेक्षा गडद असतो. शेड गालाच्या मध्याशी जुळवली की कडेला मुखवटा दिसतो.

लग्नघरासाठी एक खास तपासणी: हळद. हळदीच्या दुसऱ्या दिवशी चेहरा आणि मान पिवळसर असते आणि ट्रायलला बरोबर आलेली शेड त्या सकाळी गुलाबी-राखाडी वाटते. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून रात्री खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग ऑइल हलक्या हाताने लावून टिपून काढा, मग फेसवॉश. चोळून लाल करू नका. फेशियल, ब्लीच, वॅक्स यांतलं काहीही लग्नाच्या आदल्या दिवशी नको, निदान चार-पाच दिवस आधी उरका. नथ जिथे नाकपुडीला टेकते आणि मुंडावळ्या जिथे कपाळाला घासतात, तिथे बेस सगळ्यात आधी निघतो. त्या दोन जागी थर सर्वांत पातळ ठेवून पावडर दाबते, आणि करवलीच्या हातात टिश्यू आणि छोटा पफ देऊन ठेवते.

बाटलीकडे आता बघा

उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम किंवा ६एम असं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. वास बदलला, तेल वर आलं आणि हलवूनही मिसळत नाही, दाणे लागतात, तर वापरू नका. खिडकीत किंवा गाडीत ठेवलेली बाटली तारखेआधीच खराब होते.

परदेशी ब्रँड स्टेशनबाहेर किंवा ओळखीतून अर्ध्या किमतीत मिळाला असेल तर लेबल वाचा. आपल्याकडे आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. बॅच नंबर, तारीख, आयातदार यांपैकी काहीच नसेल तर ते चेहऱ्याला लावण्याच्या लायकीचं नाही, कितीही स्वस्त असो.

सगळं तपासलं, तरी बिघडतं: मग नवं घ्या

तेही घाईने नको. चेहऱ्यावर दुसरा मेकअप न करता दुकानात जा. राम मारुती रोड असो की वाशी, जबड्यावर लावून घ्या आणि दुकानातून बाहेर पडा. तलावपाळीला एक फेरी मारा, चहा घ्या, तासाभराने उजेडात बघा. तेवढ्यात शेड कुठे जाते आणि घामात किती तग धरते, दोन्ही कळतं. छोटं सॅम्पल मिळालं तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. ज्यांना आधी कशाची ॲलर्जी आली आहे त्यांनी आठवडाभर लावावं.

इथे थांबा

खालीलपैकी काही असेल तर ते पार्लरचं काम नाही. मी अशा चेहऱ्याला बेस लावत नाही, लग्न तोंडावर असलं तरी आधी डॉक्टर.

पापण्या किंवा ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास होतोय: लगेच रुग्णालय गाठा, त्याच दिवशी, त्याच वेळी.

लावलेल्या जागी आग, खाज, पुरळ, जे चेहरा धुऊनही दुसऱ्या दिवशी राहतं. कपाळ आणि गालांवर एकसारखे बारीक बंद दाणे, जे फाउंडेशन रोज लावायला लागल्यावर आले. सौंदर्यप्रसाधनांनी येणाऱ्या या मुरुमांना ॲक्ने कॉस्मेटिका म्हणतात आणि वैद्यकीय साहित्यात हे नाव १९७२ पासून आहे. वर आणखी जाड फाउंडेशन थापून ते झाकणं म्हणजे तेच कारण वाढवणं.

नाकाच्या बाजूला, भुवयांत, केसांच्या कडेला परत परत येणारे तेलकट पिवळसर पापुद्रे. याला कोरडी त्वचा समजून क्रीम थापलं जातं, पण तो बऱ्याचदा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो आणि औषधानेच आटोक्यात येतो. कडा उठलेले, खाजणारे गोल चट्टे नायट्याचे असू शकतात. त्यांना लागलेला ब्रश दुसऱ्या कुणालाही लावायचा नाही.

आणि सगळ्यात काळजीची गोष्ट: गोरं करणारी क्रीम. चेहरा ऊन लागताच लाल होतो, शिरा दिसायला लागल्या, क्रीम दोन दिवस बंद केलं की आग होते, असं असेल तर त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. सरकारने २०१८ साली अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मैत्रिणीने सांगितलं म्हणून लावणाऱ्या मुली अजून येतात. अशा चेहऱ्यावर कुठलंच फाउंडेशन नीट बसणार नाही आणि क्रीम एकदम बंद करणंही घरच्या घरी करायची गोष्ट नाही. वांग वाढत असेल तरी डॉक्टर आधी. तेव्हा साधं सनस्क्रीन पुरत नाही, आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं का ते त्यांनाच विचारा.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगाची एमडी किंवा तशी पदवी असलेले. नुसती स्किन क्लिनिकची पाटी पुरेशी नाही. खाजगी फी जड जात असेल तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

जाताना मेकअप न करता जा. गेल्या तीन महिन्यांत चेहऱ्याला जे जे लावलं ते सगळं, फेसवॉश, आईने दिलेलं उटणं, मैत्रिणीचं क्रीम आणि तुमचं फाउंडेशन, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. पुरळ आलेल्या दिवसाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते ओसरलेलं असतं.